धन की मान

गणपतीत आमच्या बालाघाटच्या मराठी मंडळींसाठी शब्दकोडं करायचं काम माझ्याकडे असतं. जोडीला आकड्यांचंही एखादं घालते. पूर्वी सगळ्यांच्या चौकटी अर्ध्या रिकाम्या परत आल्या की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. तोंडाने ‘अगंबाई, एवढं का अवघड होतं?’ म्हणायचं आणि मनात म्हणायचं, जमलं! आता तसं होत नाही. माझं मत बदललं, आणि ते बदलायला कारण झाला चक्क एक कायदा.

माझं माहेर भंडाऱ्याचं, सासर बालाघाटचं. मध्ये फक्त गोंदिया. पण १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, गोंदिया तेव्हा त्यातच होतं, आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत हिंदी, मुलांच्या वह्या हिंदीत. अशा गावात मराठी कोडं करणारी बाई नकळत शब्दांची राखणदार होऊन बसते. मी दुधाची कासंडी घातली, आगळ घातली, चाहूर घातला. कुणाच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द सापडला की तो कुठे बसवू असं व्हायचं. ‘वहिनी, हे कोडं नाही, परीक्षा आहे,’ असं शेजारचे भाऊजी म्हणाले, तर ती मी शाबासकी धरली. सुडोकूचंही तेच. अवघड करायचं ना? मग आणखी चार अंक पुसा.

भाचा वकिली शिकत होता तेव्हा उन्हाळ्यात आमच्याकडे राहिला. दुपारी त्याचं पुस्तक चाळताना मला शब्दकोड्यांवरचा खटला दिसला. मला वाटलं ही थट्टा आहे. पण खरंच १९५५ मध्ये संसदेने बक्षिसांच्या स्पर्धांवर कायदा केला होता आणि त्यात अक्षरं, शब्द, आकडे जुळवायच्या कोड्यांचं नाव घेऊन व्याख्या होती. महिन्याला एकूण हजार रुपयांच्या वर बक्षीस असेल तर स्पर्धेला बंदी. त्या काळी पैसे भरून कोडी पाठवायची, मोठ्या बक्षिसाची आशा धरायची, याचं वेडच होतं. आर. एम. डी. चमारबागवाला हे असल्या स्पर्धा चालवणारे. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं, की हा कायदा जुगारासारख्या स्पर्धांना लागू. जिथे खरं कौशल्य लागतं त्यांना नाही.

मग शब्दकोड्यात जुगार कुठून आला? भाच्याने समजावलं ते मी माझ्या मराठीत सांगते. समजा सूचना अशी आहे: ‘फार मिळालं की माणूस बिघडतो.’ दोन अक्षरं, दुसरं ‘न’. आता हे धन की मान? दोन्ही चपखल. आयोजकाने एक उत्तर आधीच पाकिटात बंद करून ठेवलेलं. तुम्ही कितीही हुशार असा, शेवटी काटा की छापा.

मला हसू आलं आणि मग येईनासं झालं. कारण माझा चाहूर काय वेगळा होता? ज्याला तो जमिनीच्या मापाचा शब्द ठाऊक, त्याने पाहताक्षणी लिहिला. ज्याला ठाऊक नाही त्याने रात्रभर डोकं खाजवलं तरी उपयोग नाही. दोघांनाही विचार करायला जागाच नाही. पाकीट नव्हतं एवढंच.

तेव्हापासून मी उलटं धरलं. उत्तर सगळ्यांच्या तोंडचं हवं. अवघड हवी ती वाट. उदाहरणार्थ आपली वैनगंगा. ‘बालाघाटजवळून वाहणारी नदी’ ही सूचना बालवाडीची. मी लिहिलं: ‘वर्धेला भेटली की हिचं नाव उरत नाही.’ वर्धा म्हटल्यावर माणूस गावाकडे जातो, सेवाग्रामकडे जातो, तिथल्या कुणा बाईचा शोध घेतो. वर्धा नदीही आहे आणि दोघी मिळून पुढे प्राणहिता होतात, हे भूगोलात सगळ्यांनी घोकलेलं असतं. तसंच भरवेलीच्या खाणीचं: ‘डोंगर पोखरला, उंदीर निघाला नाही.’ चार अक्षरं. ज्या गावात निम्म्या घरांचा कुणी ना कुणी मँगनीजच्या ओळखीचा, तिथे हे सुटायलाच हवं. पण लगेच नको.

यात कष्ट मात्र दुप्पट. मराठी चौकटीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. ‘वैनगंगा’ आडवी टाकली की तिच्या तिसऱ्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दात ‘गं’च हवा, नुसता ‘ग’ चालत नाही. ‘सुगंध’ बसतो. ‘वै’खाली ‘वैरण’ टाकावी, ‘गा’खाली ‘गाडगे’. चांगला जमलेला कोपरा एका ऱ्हस्व-दीर्घाने कोसळतो. काही जण ‘ऱ्हस्व-दीर्घ क्षम्य’ असं खाली लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सोडवणाऱ्याला कसलीही सूट न देता आपणच सूट घ्यायची, हा कुठला न्याय?

आकड्यांकडे या नजरेने मी उशिरा वळले, पण तिथे गोष्ट जास्त स्वच्छ दिसते. सुडोकूला एकच उत्तर असायला हवं तर ८१ घरांपैकी किमान १७ भरलेली लागतात. १६ वर भागत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकावर सगळं चाळून दाखवलं. पण १७ अंकांची कितीतरी कोडी चहा निवायच्या आत सुटतात, आणि २५ अंकांचं एखादं दिवस खातं. अंक किती उरले यावर नाही, गाठ कुठे मारली यावर सगळं.

गाठ मारणं मी शिकले ते देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ वरून. त्यांनी हा आकडा १९४९ मध्ये जगापुढे मांडला. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. आमच्या १९५६ चं बघा: ९६५१ वजा १५६९, आले ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४.

मुलांना हे दाखवलं की टाळ्या पडतात, पण ही जादू झाली, कोडं नाही. कोडं करायचं तर उलटं विचारायचं: एकाच पायरीत ६१७४ वर नेणारे चार अंक कोणते? आधी मुलं अंदाजपंचे आकडे टाकत बसतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की वजाबाकीत मोठ्या-धाकट्या अंकांचा फरक आणि मधल्या दोघांचा फरक, एवढंच मोजलं जातं. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा. ६१७४ साठी पहिला फरक सहा हवा, दुसरा दोन. बस. ७५३१ चालतो, ८६४२ चालतो, आणि असे एकूण २० गट निघतात. यात ठाऊक नसलेलं काहीच नाही, तिसरीची वजाबाकी आहे. तरी आमच्याकडे यावर अख्खी संध्याकाळ गेली आणि जेवणाची पानं थांबली.

जुने शब्द मी सोडलेत असं मात्र नाही. कासंडी अजून येते, पण तिच्यातून जाणारे तिन्ही उभे शब्द रोजचे असतात, म्हणजे न ऐकलेल्यालाही ती अक्षराअक्षराने हाती लागते आणि मग तो सासूला जाऊन विचारतो, खरंच असं काही असतं का. चाहूर अजून तसा बसवता आलेला नाही.

आणि खरं सांगायचं तर खोड पूर्ण गेलेली नाही. वैनगंगेची सूचना एका पाटबंधारेवाल्या गृहस्थांनी कागद हातात घेताक्षणी सोडवली. मी हसून ‘वा!’ म्हटलं. घरी येऊन ती सूचना पुढच्या वर्षासाठी आणखी कशी वळवता येईल ते बघत बसले, तर हे म्हणाले, ‘अगं, सुटायलाच हवी होती ना?’ मी म्हटलं, हो, पण त्यांना नको.