आजीचे माप

आमच्या डोणगावात बैठकीच्या भिंतीवर ज्याची तसबीर दिसते, तो माणूस बहुधा हयात नसतो. माणूस गेला की त्याच्या फोटोचा शोध सुरू होतो. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला चेहरा हुडकून, मोठा करून आणतात, चौकट घालतात आणि हार चढवतात. आता घरोघर मोबाईल आले, फोटोंना तोटा नाही. तरीही माझ्या आजीचा एकटीचा असा फोटो एकच आहे, आधार कार्डावरचा. त्यात ती भ्यायल्यासारखी दिसते. म्हणून मी ठरवले, आजी हिंडती-फिरती आहे तोवरच तिचे चित्र पेन्सिलीने काढायचे.

चित्रकलेचे माझे शिक्षण म्हणजे शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन सरकारी परीक्षा. वस्तुचित्रासाठी तांब्या, कांदे, वांगी समोर मांडून पुष्कळ काढली. पण तांब्या आपल्याला काही विचारत नाही. आजीने विचारले.

"काऊन रे बाबू, माह्या तोंडाकडे इतका टकटक पाहून राहिला?"

"चित्र काढतो, आजी."

"जित्या मानसाचं चित्र भितीले लटकवत नसतेत."

"लटकवत नाही. वहीतच ठेवतो."

मग ती बसली. सोयाबीनची सोंगणी आटोपली होती, तरी नुसते बसणे तिला जमत नाही. सुपात डाळ घेऊन निवडत बसली. दारातून एका बाजूने उजेड येत होता. चित्राला असाच उजेड हवा असतो; एक गाल उजळतो, दुसरा सावलीत जातो आणि सपाट कागदावर चेहरा वर उचलून येतो.

चित्रकलेच्या पुस्तकात चेहऱ्याची मापे दिलेली असतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. केसांपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन सारखे भाग. मी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवीत मोजू लागलो. वरचे दोन भाग जुळले, तिसरा काही केल्या जुळेना! दात पडल्यावर आजीचा जबडा आत गेला आणि हनुवटी नाकाकडे सरकली. पुस्तकातले माप तरण्या, दात शाबूत असलेल्या माणसाचे होते. त्याप्रमाणे काढले असते तर चेहरा सुबक झाला असता, पण तो कोणा दुसऱ्याच बाईचा झाला असता. मी आजीचे माप घेतले.

घरच्या माणसाला समोर घेऊन काढणारे मोठे चित्रकार होऊन गेले. हातात दिवा धरून उभ्या असलेल्या तरुणीचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले चित्र आपण कॅलेंडरवर पाहिलेले असते. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे वाटते; पण ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, जलरंगातले, आणि दिवा धरणारी आहे त्यांची मुलगी गीता. दुसरे चित्र जर्मनीतल्या ड्यूररचे. १५१४ साली त्याने आपल्या त्रेसष्ट वर्षांच्या आईला कोळशाने काढले. कपाळावरच्या आठ्या, खोल गेलेले गाल, गळ्याची हाडे, काहीही लपवले नाही. दोनच महिन्यांत ती गेली. हळदणकरांचे चित्र पाहून मन प्रसन्न होते. पण आजीसमोर बसलो तेव्हा मला धीर दिला तो ड्यूररच्या आईने.

पेन्सिलीत शिसे असते असे आपण म्हणतो. खरे तर ते ग्रॅफाइट आणि चिकणमातीचे मिश्रण. माती जितकी कमी, तितकी पेन्सिल मऊ आणि काळी. एचबीने आखणी केली, टू-बीने छटा भरली, सिक्स-बी फक्त नाकपुडीत आणि पापणीखाली लावली. सुरकुती म्हणजे रेघ नव्हे. रेघ ओढली की चेहऱ्याला तडा गेल्यासारखे दिसते. सुरकुती ही शेताच्या सरीसारखी असते, एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला सावली.

कपाळावरच्या गोंदणाने मात्र फार वेळ घेतला. आजोबा गेले तेव्हा आजीचे कुंकू पुसले. गोंदण कोणाला पुसता आले नाही. ते हिरवट निळे, कातडीच्या आतले. काळा ठिपका दिला असता तर टिकली लावल्यासारखे दिसले असते. म्हणून आधी कपाळाची छटा भरली आणि मग तिच्यात एचबीचे अगदी हलके ठिपके मुरवले. आजी म्हणाली, "दागिने अठीच राह्यतेत बाबू, गोंदन तेवळं संगं येते."

डाव्या भुवईत एक बारीक खाच दिसली. घरात ती कोणालाच ठाऊक नव्हती, बाबांनाही नाही.

"बहात्तरच्या दुकायात खडी फोडाले जात होतो. कपची उडाली."

१९७२ चा दुष्काळ आम्ही अर्थशास्त्राच्या तासाला रोजगार हमी योजनेच्या निमित्ताने शिकलो. त्या धड्याची खूण आमच्याच घरात, एका भुवईत होती. खोडरबराच्या टोकाने मी तेवढी जागा उजळ केली.

ड्यूररने चित्रावर आईचे वय लिहून ठेवले होते. मलाही लिहायचे होते. आधार कार्डावर आजीची जन्मतारीख १ जानेवारी आहे, जशी तारीख माहीत नसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांची असते. तिला विचारले, तर म्हणाली, "दुकायात तुहा मोठा काका रांगत होता." मी चित्राखाली तेच लिहिले आणि वाचून दाखवले.

"बराबर हाय," ती म्हणाली. मग कागद जवळ ओढून विचारले, "अंगठा कुठी लावाचा?"

जन्मभर तिच्यापुढे आलेल्या प्रत्येक लिहिलेल्या कागदावर तिला अंगठाच लावावा लागला होता. अलीकडे रेशनच्या दुकानातले यंत्र तोही धड ओळखत नाही. कामाने रेषा झिजल्या आहेत. मी सिक्स-बीची भुकटी तिच्या अंगठ्याला चोळली. ज्या कोपऱ्यात चित्रकार सही करतो, तिथे आता आजीचा अंगठा आहे. रेषा थोड्याच उमटल्या, पण तिच्याच आहेत.