लेवीय १८ वाचलं, १९ राहून गेलं

हे लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी लिहितोय. आमच्या मंडळीतले काही जण नाराज होतील. होऊ द्या.

आमचं गोरेगाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, मुंबईचं नव्हे. इथे ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. रविवारी कुणाच्या तरी घरी सतरंजी टाकून प्रार्थना होते. मागच्या महिन्यात बाहेरगावच्या एका प्रचारकाने सदोम-गमोरावर उपदेश केला. आवाज चढत गेला, "असल्या लोकांना" काय शिक्षा होणार ते सांगून झालं, सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

आमच्यात ढोलक वाजवणारा एक मुलगा आहे, माझा जुना विद्यार्थी. पुढचे दोन रविवार तो आला नाही. मग एका रात्री घरी आला आणि दारातच म्हणाला, "सर, बायबलमंदी माह्यासारख्याबद्दल काय लिवलं आहे, खरं खरं सांगा." (त्याला विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत.)

घरचे त्याच्यासाठी मुलगी पाहत होते. "लग्न झालं की सुधरते," असं त्याच प्रचारकाने वडिलांना सांगितलं होतं.

मित्रहो, हेच वाक्य चौदा वर्षांपूर्वी मी स्वतः एका घरी बोललो होतो. लग्न झालं. आठ महिन्यांत मुलगी माहेरी परतली आणि बोल तिलाच लागला. त्या मुलीची मी आजवर माफी मागितलेली नाही. म्हणून या वेळी उत्तर द्यायच्या आधी पुस्तक उघडलं.

आधी जे आहे ते आहे म्हणून सांगतो. लेवीय १८ आणि २० मध्ये पुरुषाने पुरुषाशी संग करू नये असं स्पष्ट आहे. पौलाने रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तेच धरलंय. मत्तय १९ मध्ये प्रभू येशू लग्नाबद्दल बोलतो तेव्हा स्त्री-पुरुषाबद्दलच बोलतो. पौलाच्या एका ग्रीक शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांचा आजही वाद आहे, पण तेवढ्यावर सगळं उडवून लावणं मला जमत नाही. त्या मुलाला मी हे लपवलं नाही.

पण मग सगळंच वाचू.

सदोमाचा अपराध काय, हे यहेज्केल १६:४९ मध्ये लिहिलंय: गर्व, पोटभर अन्न, निवांत आराम, आणि तरी गरिबाला हात दिला नाही. पुढच्या ओवीत अमंगळ कर्मांचा उल्लेख आहे, यहूदाच्या पत्रात व्यभिचाराचाही. पण यादीत पहिलं काय आलं ते बघा. आणि उत्पत्ती १९ मध्ये जमाव दारावर येतो तो पाहुण्यांवर बलात्कार करायला. त्याचा आणि या पोराचा संबंध काय?

करिंथकरांस पत्राच्या त्याच यादीत लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारे आहेत. हुंडा घेतला म्हणून आमच्या सतरंजीवरून कुणाला उठवलेलं मी पाहिलं नाही. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय गाजवणारे दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओवीपर्यंत पोचतच नाहीत. तिथे दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यालाच पौल धरतो.

आणि लेवीय १८ व २० च्या मधे १९ आहे. शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबाला आणि परक्याला ठेवा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आपला हा धानाचा जिल्हा. कापणीनंतर मजुरी किती दिवस थकते, हे इथल्या बांधावर कुणालाही विचारा. त्यावर उपदेश ऐकलाय कधी?

आता कायद्याचं. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांतून ते बाजूला केलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात विरोधाला गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये कलम परत आलं. त्या वेळी मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस म्हणाले की अशा लग्नाला चर्चची मान्यता नाही, पण या माणसांना गुन्हेगार ठरवू नका. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा गुन्हा नाही असा निकाल दिला. २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद २३५७ ते २३५९) हे संबंध चूकच म्हटलेत. पण त्याच पानावर या माणसांना आदराने आणि करुणेने स्वीकारा, अन्यायाचा भेदभाव करू नका, असंही आहे. म्हणजे शिकवण कडक ठेवूनही माणसाला दाराबाहेर काढायची गरज नाही.

मुलाला मी म्हणालो, "बाबा, तू कसं जगावं याचं सगळं उत्तर माझ्याकडे नाही. पण खोटं लग्न करणं हे नक्की पाप आहे, कारण त्यात एका पोरीचा बळी जातो. देवाने तुला टाकलंय असं या पुस्तकात कुठं नाही." तो बराच वेळ बसला, चहा घेतला, गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांकडे गेलो. ते खूप चिडले. "तुमच्या घरचा असता तर?" म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या घरचाच आहे." पुढे कुणी बोललं नाही. पण मुलगी पाहायला जायचं तूर्त थांबलंय.

ज्यांना वचनावर वाद घालायचाय त्यांनी खुशाल घालावा, मी शिकायला तयार आहे. फक्त त्या पोराचं नाव शोधत बसू नका.

या रविवारी प्रार्थना माझ्या घरी आहे. वाचन लेवीय १९. ढोलक आणून ठेवलाय.