जातं मागे राहिलं

ऑनसाइट आलेल्या मराठी माणसाची अमेरिका बघायची एक ठरलेली यादी असते. पहिल्या लाँग वीकेंडला नायगारा, दुसऱ्याला वेगास आणि जोडीला ग्रँड कॅन्यन, आई-बाबा आले की पुन्हा नायगारा! नॅशनल पार्क म्हटलं की डोंगर, धबधबे, गरम पाण्याची कारंजी आणि नशीब जोरावर असेल तर एखादं अस्वल. व्ह्यू पॉइंटला गाडी थांबवायची, फोटो काढायचे, फ्रीजच्या दारावर लावायला मॅग्नेट घ्यायचं आणि पुढच्या पॉइंटला पळायचं. मीही हे सगळं यथासांग केलंय, मजाही आलीय. पण एकच पार्क सुचवा म्हणालात, तर मी मेसा व्हर्डेचं नाव घेईन. तिथे डोंगर आहेतच, पण खरं बघायला जायचं ते माणसांची घरं.

मेसा व्हर्डे म्हणजे स्पॅनिशमध्ये हिरवं पठार. कोलोराडो राज्याच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात. माझं प्रोजेक्ट तेव्हा डेन्व्हरला होतं आणि तिथून ड्राइव्ह सात तासांचा. 2019 च्या सप्टेंबरमध्ये आई-बाबा माझ्याकडे आले होते. बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले. वेगासला त्यांनी 'दिवाळीत लक्ष्मी रोड बघितलाय मी' एवढ्या एका वाक्यात निकालात काढलं होतं. त्यामुळे सात तास गाडीत बसवून मी त्यांना नेमकं काय दाखवणार, याचं मलाच टेन्शन होतं.

पठारावरून चालताना आधी काहीच दिसत नाही. खुरटी झाडं, लालसर माती, भन्नाट वारा. मग आपण कड्याच्या टोकाशी येतो, समोर दरी दिसते आणि खाली कड्याच्या पोटातल्या कपारीत एक अख्खं गाव बसलेलं! क्लिफ पॅलेस. सुमारे दीडशे खोल्या, चौकोनी-गोल मनोरे आणि धार्मिक कामांसाठी जमिनीत खोदलेल्या वीसेक गोल खोल्या, म्हणजे 'किवा'. वालुकाश्म नीट घडवून, मातीचा गारा भरून रचलेल्या भिंती. राहत्या खोलीचा आकार साधारण सहा फूट बाय आठ फूट. मुंबईत भाड्याने राहिलेल्या कुणालाही हा हिशोब लगेच पटेल.

अशी कपारीतली घरं या पार्कमध्ये सुमारे 600 आहेत. लोक या पठारावर इसवी सन 550 च्या आसपास आले. मका, घेवडा आणि भोपळा पिकवत, टर्की पाळत ते सातशेहून जास्त वर्षं राहिले. गंमत म्हणजे त्यातला बहुतेक काळ त्यांची वस्ती वर पठारावरच होती. कपारीत ती उतरली बाराव्या शतकाच्या अखेरीस. शेतं मात्र वरच राहिली. म्हणजे रोज शेतावर जायचं तर कड्यात कोरलेल्या खोबणींमध्ये हातापायाची बोटं रोवून वर चढायचं. आमचा ट्रॅफिक मग काहीच नाही म्हणायचा!

क्लिफ पॅलेसमध्ये रेंजरबरोबरच उतरता येतं. दगडी पायऱ्या, मग चार-पाच लाकडी शिड्या. आईने गुडघ्याकडे बघून वरच बसायचं ठरवलं. बाबा उतरले. खाली पोचल्यावर इतर मंडळी कॅमेरे काढत असताना बाबा मला म्हणाले, "पाणी कुठून आणायचे, विचार की त्यांना."

रेंजर खूश झाले. पावसाचं पाणी वरच्या वालुकाश्मातून झिरपतं, खाली शेलचा घट्ट थर लागला की अडतं आणि कपारीच्या मागच्या बाजूने पाझरतं. त्याच पाझराने दगड कुजून ही कपार तयार झाली आणि त्याच पाझरावर गाव जगलं. बाबा त्या काळपट ओल्या भिंतीकडे बराच वेळ बघत उभे होते. चुलींच्या धुराची काजळी छताला अजून आहे. गाऱ्यावर कुठे कुठे बोटांचे ठसेसुद्धा.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न. हे लोक गेले कुठे? आमच्या ग्रुपमधल्या एकाने 'ते गूढरीत्या नाहीसे झाले ना?' असं विचारलंच. रेंजरनी मान हलवली. घरांच्या तुळयांमधली वर्तुळं मोजून झाडांचं वय आणि पावसाचा इतिहास काढता येतो. त्यावरून कळलंय की 1276 ते 1299 असा जवळजवळ चोवीस वर्षांचा दुष्काळ पडला. माणसं वाढलेली, जमीन थकलेली, भांडणंही झालेली. 1300 पर्यंत गाव रिकामं. म्हणजे तिकडे नेवाशात ज्ञानेश्वरी लिहिली जात होती, साधारण तेव्हाच इथली माणसं मुलाबाळांना घेऊन दक्षिणेकडे निघाली होती.

पण ती नाहीशी नाही झाली. ॲरिझोनातले होपी, न्यू मेक्सिकोतले झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठचे इतर प्वेब्लो लोक हे त्यांचेच वंशज. ते आजही इथे येतात, पूर्वजांची जागा म्हणून. रेंजर म्हणाले, त्यांनी जड सामान मागे ठेवलं. मडकी, आणि मका दळायचे दगड, अगदी आपल्या पाट्या-वरवंट्यासारखे.

मी हे मराठीत सांगितलं आणि बाबा एकदम बोलायला लागले. आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात आजोबा सगळ्यांना घेऊन पुण्याला आले, भवानी पेठेत हमाली करू लागले. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी पुढचं सांगितलं. "निघताना आईनं जातं घासून-पुसून ठेवलं. वर फडकं घातलं. वडील म्हणाले, कशाला पुसतेस? तर म्हणाली, परत यायचंच आहे की."

आजी परत गेलीच नाही. बाबांनी घराबद्दल असं कधी बोललेलं मला आठवत नाही. त्यासाठी सातासमुद्रापार एका कपारीत उभं राहावं लागलं. आणि मी? मी एच-वन व्हिसावर, दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणणारी. बाबांनी मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. शिड्या चढून वर आलो, तर आई विचारत होती, "एवढा वेळ काय बघत होतात?"

या जागेचा पुढचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. 1888 च्या डिसेंबरमध्ये हरवलेली गुरं शोधणाऱ्या रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांना क्लिफ पॅलेस दिसला. 'शोध लागला' तो त्यांच्यापुरता. आसपासच्या यूट लोकांना ही घरं ठाऊकच होती. 1891 मध्ये गुस्टाफ नॉर्डेनशॉल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने इथे उत्खनन केलं आणि शेकडो वस्तू पेट्यांत भरून नेल्या. त्याला अटक झाली, पण अडवणारा कायदाच नसल्याने सुटलाही. पुढे व्हर्जिनिया मक्लर्ग आणि लूसी पीबडी या दोघींनी वर्षानुवर्षं मोहीम चालवली आणि 1906 मध्ये मेसा व्हर्डे नॅशनल पार्क झालं. निसर्गासाठी नव्हे, तर माणसाच्या हातच्या कामासाठी राखलेलं हे अमेरिकेतलं पहिलं नॅशनल पार्क.

जाणार असाल तर दोन दिवस काढून जा. क्लिफ पॅलेसचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. जिगर असेल तर बाल्कनी हाउसही करा. तिथे 32 फुटांची शिडी आहे आणि रांगत पार करायचा अरुंद बोगदा. गुडघेवाल्यांसाठी वरच्या व्ह्यू पॉइंटवरून दिसणारं गावही पुरेसं आहे. आणि रात्री थांबा. एवढं ताऱ्यांनी गच्च भरलेलं आकाश आपण लहानपणी आजोळीच बघितलेलं असतं.

नॉर्डेनशॉल्डने नेलेल्या वस्तू शेवटी फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचल्या होत्या. त्यात वीस जणांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या 28 वस्तूही होत्या. होपी, झुनी, अकोमा आणि झिया लोकांनी त्या परत मागितल्या आणि सप्टेंबर 2020 मध्ये ते सारं मेसा व्हर्डेला आणून पुन्हा मातीत ठेवलं गेलं. लॉकडाउनचे दिवस होते. आई-बाबा पुण्यात, मी डेन्व्हरला, विमानं बंद. मी ती बातमी दोन ओळींत मराठीत लिहून बाबांना पाठवली.

बाबांचं उत्तर रात्री आलं, "पोचले का घरी. बरं झालं."