गवसणी

आकाशाला गवसणी घालणारी माणसे मराठीत पुष्कळ आहेत. कुठल्याही सत्कार-समारंभाला जावे, व्यासपीठावर एखादा तरी भेटतोच. माझा पराक्रम एवढा मोठा नाही. मी आजवर गवसणी घातली ती मोटारीच्या मिटलेल्या टपाला.

तंबोऱ्याला गवसणी असते, गादीला खोळ असते, उशीला अभ्रा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मोटारीचा कापडी टप उतरवून मागच्या सीटच्या पाठीशी घडी केला, की त्या घडीवरही कापडाची एक खोळ चढवावी लागते, हे अशी मोटार फक्त वरातीत पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. येणार तरी कसे? नवरानवरी सोडून त्यांच्या पाठीमागच्या गठ्ठ्याकडे बघणारा माणूस विरळाच! आमचे आबा मात्र तिकडेच बघत. ते भजनी मंडळात वीणा धरीत, त्यामुळे वीणेच्या खोळीला जे नाव तेच त्यांनी या खोळीलाही देऊन टाकले होते.

आबा कोल्हापुरात एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेबांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली टपाची मॉरिस मायनर त्यांच्या ताब्यात असे. मॉरिस मायनर इंग्लंडात १९४८ साली निघाली. तिचा आराखडा करणाऱ्या ॲलेक इसिगोनिस यांनीच पुढे मिनी मोटार घडवली, ती १९५९ साली बाजारात आली. हे मी मागाहून पुस्तकात वाचले. आबांना त्याची गरज नव्हती. त्यांना टप कळत होता आणि त्यांच्या मते तेवढे कळले की मोटार कळली.

टप उतरवणे म्हणजे छत्री मिटणे नव्हे. समोरच्या काचेवरच्या पकडी सोडायच्या, कमानी सावकाश मागे न्यायच्या आणि प्रत्येक कमानीबरोबर हात घालून कॅनव्हास बाहेर ओढून घ्यायचा. नाहीतर तो लोखंडाच्या दोन पट्ट्यांत चिमटतो आणि तिथेच फाटतो. मागची पारदर्शक खिडकी घडीत घासून आंधळी होऊ नये म्हणून तिच्यावर जुन्या घोंगडीचा मऊ तुकडा. मग गवसणी. तिची पुढची कड आधी मागच्या सीटच्या पाठीमागे खोचायची, कारण तिथून वारा शिरला तर सगळी खोळ शिडासारखी फुगते. नंतर ती घडीवरून मागे ओढून टिचबटणे लावायची, एक डावीकडचे, एक उजवीकडचे. एकाच बाजूने लावत गेलात तर शेवटची दोन बटणे कधीच पोचत नाहीत. हे सारे आबा मला लग्नातल्या मंगलाष्टकांइतक्या गांभीर्याने शिकवीत.

"पण आबा, टपाचं काम पाऊस अडवायचं. त्याला आणि पांघरूण कशाला?" मी एकदा विचारले होते.

त्याचे उत्तर चैत्रात मिळाले. साहेबांचे पाहुणे उघड्या गाडीतून ज्योतिबाच्या डोंगरावर गेले. गाडी पाहुण्यांतल्याच एकाने चालवली आणि गवसणी घरीच राहिली. ज्योतिबाचा गुलाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. देऊळ, रस्ता, माणसे, बैल, सगळे गुलाबी होते. टपाच्या घडीघडीत शेर-अच्छेर गुलाल जाऊन बसला. आबांनी झाडला, ब्रशाने काढला. तरी वळवाच्या पहिल्या सरीत टप चढवून साहेब कोर्टात निघाले, आणि उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाचे दोन्ही खांदे गुलाबी! त्या दिवशी म्हणे ते दावा जिंकले. म्हणून आबा वाचले.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. १९९६ सालचा मे महिना. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. साहेबांच्या घरची वरात निघाली आणि अर्ध्या वाटेवर वळीव कोसळला. आबांनी टप चढवला, गाडी घरच्या शेडमध्ये लावली, आणि त्याच रात्री दुसरी गाडी घेऊन साहेबांच्या मंडळींना मुंबईला पोचवायला गेले. तिथे दीड महिना मुक्काम होता. जाताना मला बजावले, "टप ओला हाय. तसाच उभा ऱ्हाऊ दे. दोन दिस ऊन दाखीव. वाळल्याबिगार मिटवू नको."

दुसऱ्या दिवशी माझा एक मित्र त्याच्या काकांचा कॅमेरा घेऊन आला. टप चढवलेल्या मोटारीत बसून फोटो काढण्यात काय मौज? मी टप उतरवला, चाकामागे बसलो, कोपर दारावर टेकले. फोटो झाला. तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली, म्हणून घाईघाईने गवसणी चढवली. अगदी शास्त्रशुद्ध चढवली! पुढची कड आधी, बटणे डावी-उजवी. आणि विसरलो.

गवसणीला धूळ, ऊन, गुलाल बाहेर ठेवता येतो. पण ओल आत असली तर ती तीही तितक्याच इमानाने राखते. आषाढात आबा परतले. त्यांनी बटणे सोडली, आणि शेडभर जो कुबट वास सुटला तो मला आजही येतो. कॅनव्हासवर काळे ठिपके, शिवणीचे दोरे बोटांत चुरत होते.

"ओला मिटवला न्हाईस न्हवं?"

"नाही आबा. चांगला वाळवला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, वर पाहिले. शेडची कौले जुनी होती. पावसाआधी आपण ती चाळली नाहीत, असे त्यांनी स्वतःच साहेबांना सांगितले. भर पावसात शिडी लावून एकेक कौल बदलले. मी खालून कौले हातात देत होतो. नव्या टपाचा खर्च त्यांच्या पगारातून महिन्यामहिन्याला वळता झाला. कॉलेजसाठी म्हणून आईने डब्यात बाजूला ठेवलेले पैसे त्या वर्षी घरखर्चाला लागले. मी मॅट्रिकवरच थांबलो आणि एका दुकानात हिशेब लिहू लागलो. मास्तरकी आणि कादंबऱ्या पुष्कळ नंतरच्या. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे फार कबुलीजबाब देतात, असे एका टीकाकाराने लिहिले होते. ते बरोबर आहे.

गेल्या दसऱ्याला साहेबांच्या नातवाने आबांना मुद्दाम बोलावून नेले. मीही गेलो. मॉरिस धुऊनपुसून उभी होती, बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे. नातवाला टप उतरवून सोने द्यायला गावात फिरायचे होते. नवी गवसणी त्याच्या हातात तयार होती. आबा ऐंशीच्या घरात आहेत, हात कापतो. त्यांनी तो हात टपावर सपाट ठेवला, मग गाल टेकवला.

"ओला हाय. जरा दम धरा, छोटे साहेब."

तो हसून आत गेला. अंगणात आम्ही दोघेच उरलो. का कोण जाणे, मी बोलून गेलो, "आबा, शहाण्णव साली मीच ओला मिटवला होता. फोटोसाठी. कौलं गळत नव्हती."

आबा बराच वेळ शेडच्या छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"म्हंजे कौलं चांगली हुती म्हण की, मास्तर."

आतून चहा आला, चिवड्याच्या बशा आल्या. आम्ही पायरीवर बसलो. ऊन हळूहळू टपावर सरकत होते. मधून मधून आबा उठत, कॅनव्हासवर हात ठेवून बघत, आणि मान हलवून पुन्हा येऊन बसत.