मावशींचं देणं

आमच्या छापखान्यावर कायम कुणाची ना कुणाची उधारी असायची. कागदवाल्याची, शाईवाल्याची, ब्लॉक करून देणाऱ्याची. वडिलांनी ती एकेक करून चुकती केली आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. विठ्ठलवाडीतल्या त्या एका गाळ्यावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. पण तो गाळा टिकला यात ज्यांचा वाटा फार मोठा होता, त्यांचं देणं आम्ही देणं म्हणून कधी मोजलंच नाही. त्या आमच्या दारातली रद्दी न्यायच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे. मीही तेच म्हणत आले.

विठ्ठलवाडी म्हणजे कर्जतच्या बाजूला जाणाऱ्या लोकलचं कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत जागा मिळाली आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या माणसांनी घराघरात धंदा उभा केला. पुढे जीन्सचे कारखाने आले, फर्निचरचा बाजार वाढला. आमच्यासारख्या छापखान्याचं पोट याच धंद्यांवर भरायचं. कुणाला बिलबुकं हवीत, कुणाला कपड्याची लेबलं, कुणाला खोक्यावरचं छापील वेष्टण, आणि लग्नसराईत पत्रिका. जितके धंदे तितक्या तऱ्हेचा कचराही होता. शिवणकामाच्या गाळ्यांबाहेर डेनिमच्या चिंध्या, फर्निचरवाल्याकडे भुसा नि प्लायचे तुकडे, हॉटेलाच्या मागे तेलाचे डबे, किराणावाल्याकडे पुठ्ठे आणि आमच्याकडे कागदाचं कटिंग.

मावशी जालन्याकडच्या. बाहत्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर कल्याणला आल्या. नवरा नाक्यावर उभा राहायचा. काम मिळालं तर मिळालं. घर चाललं ते मावशींच्या पोत्यावर. मी शाळेतून आल्यावर छापखान्यात घड्या घालायला बसायचे, त्या वेळी त्या यायच्या आणि कटिंग मशीनच्या खाली पडलेला ढीग उपसायला बसायच्या. माझ्या हातून एकदा रंगीत पट्ट्या पांढऱ्या ढिगात पडल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "पांढऱ्याला रंगीत लागू देऊ नको माय. भाव मोडतो."

भाव का मोडतो हे त्यांनी मला तिथंच बसून शिकवलं. छापण्याआधी कापलेल्या कोऱ्या पट्ट्या म्हणजे पांढरं कटिंग. त्यावर शाई नाही, त्यामुळे मिलला ती धुऊन काढावी लागत नाही. त्याचा पुन्हा पांढरा कागद होतो. छापील कागदाचा भाव त्याखाली, आणि सगळ्याची भेसळ झाली की त्याचा नुसता पुठ्ठाच व्हायचा. कागद जितक्या वेळा लगद्यात जातो तितका त्याचा तंतू आखूड होत जातो, म्हणून कोऱ्या कागदाला मान. ही सगळी विद्या मावशींना अक्षरओळख नसताना होती. चहा सांडलेला कागद वेगळा. रोलर पुसलेले रॉकेलचे बोळे तर कागदाच्या आसपासही नकोत, एका बोळ्यानं अख्खं पोतं वाया जातं. ॲल्युमिनियमच्या प्लेटा दुमडायच्या नाहीत, सपाट रचायच्या.

लग्नपत्रिकांवर चकचकीत लॅमिनेशन करायची टूम निघाली तेव्हा मावशींनी वडिलांशी पहिल्यांदा वाद घातला. त्या पत्रिका हातात घेऊन फाडून बघायच्या. सरळ फाटली तर पोत्यात. फाटताना वरचा पातळ पापुद्रा ताणून लोंबला तर बाजूला. "भाऊ, हा कागद आता कागद राहिला नाही. याला कोणी हात लावत नाही, हा नुसता पुरायचा," त्या म्हणाल्या. वडिलांनी गिऱ्हाइकाला ते समजावायला सुरुवात केली. काहींना पटलं, बहुतेकांना नाही. पण पत्रिकेचा कागद निवडताना तो पुढे कुठे जाणार हा प्रश्न आमच्या टेबलावर आला, तो मावशींमुळे आला.

आमच्याकडून निघालेलं पोतं मावशी गल्लीच्या टोकाच्या भंगारवाल्याकडे नेत. तिथून ते मोठ्या गोदामात जाई, तिथे गठ्ठे बांधले जात आणि ट्रकनं मिलकडे निघत. वापीच्या पट्ट्यात रद्दीपासून क्राफ्ट कागद करणाऱ्या पुष्कळ मिल आहेत. त्याच क्राफ्टची खोकी बनतात, आणि ती किराणावाल्याच्या दारात पुन्हा येतात. डेनिमच्या चिंध्या दूर पानिपतपर्यंत जात, जिथे जुन्या कापडाचं पुन्हा सूत होतं. या सगळ्या साखळीत सर्वांत खालचा हात मावशींचा होता, आणि माल चांगला की वाईट हे ठरायचं ते त्याच हातात. तो हात ब्लेडनं कापलेला असायचा, फुटक्या ट्यूबलाइटनं ओरबाडलेला असायचा.

26 जुलै 2005 ला वालधुनी नदी आमच्या गाळ्यात आली. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे पुढे सगळ्यांच्या तोंडी झालं. पण उल्हास आणि वालधुनीच्या काठानं बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यात काय झालं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर ऑफसेट मशीनच्या निम्म्यापर्यंत गाळ. भिजलेल्या आर्ट पेपरची रिमं फुगून एकमेकांना चिकटलेली. वरच्या लेपामुळे तो कागद वाळला की त्याची वीट होते, मग पान पानापासून सुटत नाही. मागच्या भिंतीशी लेटरप्रेसच्या काळातल्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसी होत्या. ऑफसेट आल्यापासून त्या वापरात नव्हत्या, पण वडिलांच्यानं त्या विकवत नव्हत्या. त्या चिखलानं भरून गेल्या होत्या. विमा नव्हता. वडील पायरीवर बसून राहिले.

मावशी आल्या त्या आणखी चौघीजणींना घेऊन. त्यांची स्वतःची झोपडी पाण्यानं धुऊन नेली होती. नातवंडं ओळखीच्या घराच्या जिन्याखाली ठेवून त्या आमच्याकडे आल्या होत्या. "भाऊ, आजच्या आज काढू. उद्या वास धरला की कोणी घेणार नाही," एवढं बोलून त्यांनी पदर खोचला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी रिमं प्रकाराप्रमाणे वेगळी केली. आर्ट पेपर, मॅपलिथो, पुठ्ठा. ज्या रिमांचं वेष्टण शाबूत होतं त्यांच्या मधली कोरडी पानं काढून फळीवर ठेवली. भंगारवाला ओल्या मालाच्या वजनातून पाणी कापणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून किती कापायचं यावर त्या त्याच्याशी आमच्यासाठी भांडल्या. मग खिळ्यांकडे वळल्या. पिठाच्या जुन्या चाळणीत ओंजळभर खिळे घ्यायचे, बादलीत बुडवून हलवायचे, गाळ खाली गेला की वर उचलायचे. चाळणीत अक्षरं लखलखू लागत. त्या खिळ्यांत शिसं, अँटिमनी आणि कथील असतं, त्याला धातूचा भाव मिळतो. वडिलांनी त्या दिवशी मान हलवली आणि खिळे गेले. त्या पैशांत, भिजल्या कागदाच्या नि प्लेटांच्या पैशांत मशीनची मोटर पुन्हा बांधून झाली आणि कागदाचा पहिला गठ्ठा आला. मावशींनी चौघींची आणि स्वतःची मजुरी घेतली. त्यावरचं त्यांचं नेहमीचं मार्जिन घेतलं नाही. "ते पुढच्या पोत्यात बघू," म्हणाल्या.

ते त्यांनी पुढच्या पोत्यात कधीच पाहिलं नाही.

2008 च्या अखेरीला जगभर मंदी आली आणि रद्दीचे भाव कोसळले. पुठ्ठ्याला कुणी विचारेना. गल्लीतल्या काही दुकानदारांनी मावशींना टोमणे मारले, की आता तुम्ही कमी पैसे देता. हो, पैसे त्याच आम्हाला द्यायच्या. तोवर मी छापखान्याचे हिशेब बघू लागले होते. त्या वर्षीची वही उघडून मी जुन्या वह्या मागे मागे पाहत गेले. दर महिन्याला एक ओळ होती, 'रद्दी, जमा'. खर्चाच्या बाजूला सफाई म्हणून एक पैसा नव्हता. इतकी वर्षं त्या आमचा गाळा झाडूनपुसून स्वच्छ ठेवत होत्या आणि वर आम्हाला पैसे देत होत्या. भाव पडला तेव्हाही त्या ठरल्या वेळेला येत राहिल्या, कारण एक दिवस चुकला तर दुकानदार दुसऱ्याला पोतं देईल ही धास्ती. भावाच्या चढउताराचा सगळा भार त्या एकट्या वाहत होत्या. आम्ही फक्त जमेची ओळ लिहीत होतो.

त्या महिन्यापासून आमच्या वहीत खर्चाच्या बाजूला 'कचरा सेवा' अशी ओळ सुरू झाली. मालाचा भाव वेगळा, सेवेचे पैसे वेगळे. भाव पडो की चढो, सेवेचे पैसे ठरलेले. मावशींनी आधी ते घ्यायला नकार दिला. वडील म्हणाले, "ताई, हे तुमच्या कामाचे. हे आधीच द्यायला हवे होते." मग त्यांनी घेतले.

आपल्याकडे ही वाट आधीच कुणीकुणी मळलेली होती, हे मला नंतर कळलं. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि पुणे महापालिकेबरोबर करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. घरं आणि दुकानं त्या सेवेचे पैसे थेट वेचकांना देतात. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं 'परिसर विकास' या कामातून कचरावेचक बायकांना संघटित केलं, ओला कचरा जिरवायचं शास्त्र शिकवलं. मावशींसारख्या बायकांच्या गळ्यात तिथे ओळखपत्र आलं.

8 एप्रिल 2016 ला केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत सांगितलं होतं, ओला, सुका आणि घातक असा कचरा निर्माण होतो तिथेच वेगळा करायचा. दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर विशेष जबाबदारी. हॉटेलांनी पुनर्वापराचा माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्यायचा. वेचकांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं. वाचताना मला पावलोपावली मावशींचा आवाज ऐकू येत होता. सरकारी भाषेत जे तेव्हा छापून आलं, ते त्या माझ्या शाळेच्या दिवसांपासून आमच्या जमिनीवर बसून सांगत होत्या.

त्यांचं ऐकलं नाही तर काय होतं, हे कल्याणनं पाहिलं आहे. आधारवाडीच्या डम्पिंगवर सगळी भेसळ एकत्र पडायची, डोंगर व्हायचा, आग लागली की धूर खिडक्यांतून घरात यायचा. 2015 मध्ये कचऱ्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकाम परवानग्याच रोखल्या होत्या. मग मे 2020 मध्ये महापालिकेनं शून्य कचरा मोहीम हाती घेतली, वर्गीकरणाचा आग्रह धरला, आणि वर्षभरात, मे 2021 मध्ये, आधारवाडीला कचरा टाकणं थांबलं. वेगळा केलेला कचरा हीच त्या बदलाची किल्ली होती.

मावशी आता नाहीत. त्यांची सून आणि तिच्या सोबतिणी आमच्या गल्लीतला सुका माल नेतात. कापड, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू अशी पोती दुकानातच वेगळी होतात. ठरलेल्या वेळी वजनकाटा येतो, वजनाची चिठ्ठी दोघांकडे राहते. सुनेच्या हातात हातमोजे असतात. तिची मुलगी महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकते आणि या गटाचे हिशेब तीच लिहिते. आमच्या छापखान्यात प्लास्टिकचं लॅमिनेशन आता बंद आहे. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर कागदी पिशव्यांचं काम वाढलं, त्याचं पांढरं कटिंग भरपूर निघतं, आणि ते पांढरंच राहतं.

हे सगळं लिहिलं ते उतराई झाले असं म्हणायला नाही. मावशींची मजुरी आम्ही उशिरा दिली, त्या पुराच्या दिवसाचं मोल तर द्यायचं राहूनच गेलं. त्यांचं ऋण फेडायची एकच खरी रीत मला दिसते, ती म्हणजे त्यांच्या जागी आज जी बाई आहे तिला तिचं पुरतं देणं. म्हणून माझ्यासारख्या दुकानदारांना, गाळेवाल्यांना, हॉटेलवाल्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या दारातला माल कोण नेतं ते विचारा. माल वेगळा करून, कोरडा करून तिच्या हातात द्या. भंगाराचे पैसे खुशाल घ्या, पण सफाईचे पैसे तिला वेगळे मोजा, आणि भाव पडला तरी ते कमी करू नका. तिला प्यायला पाणी द्या, गाळ्यातलं संडास वापरू द्या, सावलीत बसून निवडायला कोपरा द्या. तिचं काम तुमच्या धंद्याचाच भाग आहे, तेव्हा धंद्याच्या खर्चात ते धरा.