मांडलेलें आणि सांपडलेलें

कल्याणच्या आमच्या घरीं आजीचीं दोन छायाचित्रें आहेत. एका चित्रांत ती फोटोच्या दुकानांतील रंगविलेल्या कमानीपुढें नऊवारी सांवरून ताठ बसली आहे. दुसऱ्यांत अंगणांत तांदूळ निवडीत आहे. भिंतीवर कोणतें लावावें यावरून घरांत दोन तट पडले. सहज सांपडलें तेंच खरें, असें धाकट्यांचें म्हणणें.

आम्हांस तें पटत नाहीं. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी ज्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते, ती १८५४ सालीं निघाली. त्या काळीं कांच इतकी मंद, कीं माणूस जरा हालला तर चेहरा पुसट उमटे. मांडणी ही तेव्हां निकडच होती. विल्यम जॉन्सनची गोष्ट मात्र निराळी. मुंबईच्या लोकांवरील १८६३ व १८६६ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें एकीकडे टिपलेल्या माणसांमागें दुसरीकडचीं दृश्यें जोडलीं. ही आमच्या मतें लबाडी. आजीचें बसणें तसें नव्हे. नथ कोणती, पदर कसा, हें तिनेंच ठरविलें होतें. अंगणांतलें चित्र तिच्या नकळत निघालें. तिचे हात मात्र (हें कबूल केलेंच पाहिजे) त्यांतच दिसतात.

दिवाणखान्यांत दुकानांतलें लागलें. दुसरें आईनें फडताळाच्या दारास आंतून चिकटविलें आहे.