डब्यातली हवा, टाकीतली हवा

हवेचा म्हणून आणलेला डबा हलवला, तर आत काहीतरी डुचमळलं. हवा डुचमळत नाही, एवढं मला कळतं. मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. डायफ्लोरोइथेन. ज्वालाग्राही. तिरका धरू नका, उलटा करू नका, विस्तवाजवळ नेऊ नका. कॉम्प्युटरमधली धूळ उडवण्याच्या वस्तूवर एवढ्या सूचना कशासाठी, हे काही उमजेना.

इचलकरंजीत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे मी हिशेब बघते. ऑफिसची आणि मागांच्या शेडची भिंत एकच. खिडकी लावून घेतली तरी कापसाचे तंतू कुठून तरी आत येतातच. की-बोर्डवर, वह्यांवर, पाण्याच्या तांब्यावर बसतात. कॉम्प्युटर अचानक बंद पडायला लागला तो नेमका वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या तोंडावर. दुरुस्तीवाल्या दादाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सीपीयू उघडा आणि हवा मारा. दुसरं काही नाही झालेलं." कुठली हवा, ते त्यानं सांगितलं नाही.

डब्यातली हवा मुळात हवाच नाही, हे मला वाचून समजलं. तो दाबाखाली द्रव झालेला वायू. उणे २५ अंशांच्या आसपास तो उकळतो, म्हणजे आपल्या खोलीतल्या तापमानाला बाहेर पडायला आतुरच असतो. बटण दाबलं की आतल्या द्रवाची वाफ होते, ती वाफ होताना डब्याचीच उष्णता ओढून घेते, म्हणून हातातला डबा गार पडत जातो आणि झोत मंदावतो. डबा उलटा धरला तर वायूऐवजी तो थंडगार द्रवच बोर्डावर पडतो, हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. आता सूचनांचा अर्थ लागला. बंद खोलीत हा वायू साठू द्यायचा नाही आणि जवळ ठिणगी नको, हेही पटलं.

पण आमच्याकडचे तंतू बघता असे किती डबे लागतील? शेजारच्या शेडमध्ये एअरजेट माग आहेत. तिथे धोटा नाही, बाण्याचा धागा हवेच्या झोतानंच पलीकडे जातो, त्यामुळे कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू. तिथल्या फिटर अण्णांना विचारलं. त्यांनी काही न बोलता टाकीच्या तळाची तोटी उघडली. फस्सकन हवा आली आणि तिच्यासोबत तांबूस पाणी.

"हे तुमच्या मशिनमध्ये घालायचंय काय?" अण्णा म्हणाले.

मी बघतच राहिले. हवेतून पाणी? बाहेरच्या हवेत बाष्प असतंच. ती दाबून इवल्याशा जागेत कोंडली आणि मग गार झाली की ते बाष्प धरून ठेवणं तिला जमत नाही, त्याचं पाणी होतं. पावसाळ्यात तर अण्णा ती तोटी पुन्हापुन्हा उघडतात. काही कॉम्प्रेसरमधून तेलाचा अंशही येतो. मागाकडे जाणारी हवा ड्रायर आणि फिल्टरमधून जाते, टाकीजवळच्या तोटीची तशी नसते. शिवाय दाब. गेजचा काटा ६ बारच्या आसपास होता. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या खाली, म्हणजे साधारण २ बारच्या आत, ठेवायला सांगितलं आहे, आणि तेही कण अंगावर उडणार नाहीत अशी सोय करून.

शेवटी दादा स्वतःच आला, हातात विजेचा छोटा ब्लोअर घेऊन. त्यात दाबून साठवलेलं काही नाही, म्हणून पाणीही नाही. पण त्यानं तो लगेच चालू केला नाही. वायर काढली, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र उघडला नाही. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही वीज धरून ठेवतात म्हणाला. मग प्रोसेसरवरचा पंखा सोडवला आणि खालचं दृश्य बघून मला धक्काच बसला. वाकळेत भरावा तसा कापूस ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर दाबून बसला होता. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला बंद पडतो. इथे उष्णतेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

साधी धूळ झोतानं उडते. सुताचे तंतू एकमेकांत गुंततात, आणि वरून हवा मारली तर पट्ट्यांच्या फटीत आणखी रुततात. म्हणून दादानं आधी चिमट्यानं आणि मऊ ब्रशनं तो थर अख्खा उचलून काढला, मग खालच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला ब्लोअर धरला. पंख्याची पाती बोटानं रोखून ठेवायला मला सांगितलं. झोतावर पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

हे सगळं आम्ही मागच्या अंगणात केलं, तोंडाला रुमाल बांधून. आणि तिथे मला जे दिसलं त्यानं मी अजून अस्वस्थ आहे. उडालेली ती लव उन्हात तरंगत सरळ कांडी मशिनवरच्या मावशींकडे गेली. हवा धूळ नाहीशी करत नाही, फक्त दुसऱ्याकडे धाडते. कापसाच्या बारीक धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येणं. मावशी हे सहज बोलता बोलता कितीदा सांगतात आणि आम्ही ऐकून सोडून देतो. अमेरिकेनं १९७८ साली कापसाच्या धुळीसाठी नियम केले, तेव्हा दुसरा उपाय शक्य असेल तिथे हवेच्या झोतानं साफसफाई करायला मनाई केली. आमच्या शेडमध्ये पाळी संपली की मागांवर आणि कपड्यांवरही कॉम्प्रेसरच्या हवेचीच पाइप फिरते.

मी शेठना सांगितलं आहे की ऑफिसच्या आणि शेडच्या साफसफाईला हवा ओढून घेणारं, फिल्टर असलेलं मशिन घेऊया, आणि अंगावर हवा मारणं आजपासून बंद करूया. मशिनचं कोटेशन मागवलंय. मावशींना डॉक्टरांकडे तपासून आणायचं मात्र कोटेशन येईपर्यंत थांबवायचं नाही, हे मी त्यांच्या मुलाला फोन करून ठरवून टाकलं आहे.